खेळणारे आणि खेळविणारे

लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेने त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक संमत केले. दोन्ही सभागृहांत गदारोळ चालू होता; चर्चा अशी झालीच नाही. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ चालविणे, त्याची जाहिरात करणे व त्याच्या पैशांची देवघेव करणे हे गुन्हे ठरले. खेळ कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे की दोहोंच्या मिश्रणाचा आहे, हे पाहण्याचे कारण या कायद्याने उरविले नाही. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. आठवडा उलटण्याच्या आत बड्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ बंद केले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे ‘ड्रीम इलेव्हन’ हे नावही उतरले.

या कायद्याचे स्वागत झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. देशातील सुमारे पंचेचाळीस कोटी लोक दरवर्षी वीस हजार कोटी रुपये या खेळांत गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. तथापि कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानण्यापूर्वी तो दिल्लीतून न पाहता मुंबई-गोवा महामार्गावरील नागोठण्यासारख्या एखाद्या गावातून पाहिलेला बरा.

नागोठणे हे अंबा नदीवरचे जुने बंदर. मुंबईहून निघालेली बोट धरमतरच्या खाडीतून एकेकाळी येथवर येत असे. नदीवरचा निजामशाहीतला दगडी पूल त्या वैभवाची खूण म्हणून उरला आहे. पुढे महामार्ग आला, रोह्याकडे जाणारी रेल्वे आली, आणि १९९० च्या सुमारास सरकारी मालकीचा पेट्रोरसायन प्रकल्प आला. तो २००२ मध्ये खाजगी हाती गेला. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या ठिकाणांमध्ये पसरलेला हा टापू आज धड खेडे नाही आणि धड शहरही नाही. कंत्राटी कामाची पाळी संपवून आलेला, हाती थोडा रोख पैसा असलेला, शेतीत मन नसलेला आणि लग्न जमत नसलेला तरुण अशा गावांतून मोठ्या संख्येने आढळतो. संध्याकाळी त्याने जावे कोठे, याचे उत्तर गावापाशी नसते. ते त्याच्या खिशातील मोबाईलपाशी असते. एस. टी. स्थानकाच्या कट्ट्यावर किंवा उभ्या रिक्षाच्या मागच्या आसनावर मोबाईल आडवा धरून बसलेली पोरे हे महामार्गालगतच्या कोणत्याही गावाचे आजचे चित्र आहे. जवळून जाणाऱ्याला ती सारी सारखीच दिसतात. त्यांतला एक नुसता खेळत असतो आणि दुसरा महिन्याचा पगार घालवीत असतो, हे कळावयास मार्ग नाही. गंजिफांचा किंवा पत्त्यांचा अड्डा गावाला ठाऊक असे. हा अड्डा प्रत्येकाच्या तळहातावर आहे.

येथवर ही गोष्ट पोचली कशी, हे समजून घ्यावयाचे तर न्यायालयांच्या दारी जावे लागते. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे एक लहानसे कलम त्यात आहे. या कलमाचे भाग्य खऱ्या अर्थाने उजळले ते शब्दकोड्यांमुळे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी मुंबई राज्याला झपाटले होते. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चमारबागवाला यांची कोडी येत, आणि मुंबई राज्यातील माणसे प्रवेशशुल्क भरून ती सोडवीत. सोडविणे हा शब्द येथे जपूनच वापरावयाचा, कारण एका चौकटीत दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसत आणि त्यांतला कोणता शब्द ‘बरोबर’, हे स्पर्धा भरविणाराच आधी ठरवून ठेवीत असे. मोरारजींच्या मुंबई सरकारने कराचा बडगा उगारला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे. त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण मिळू शकत नाही. पण ज्या स्पर्धेतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून आहे, ती जुगारात मोडत नाही, असेही त्याच निकालमालिकेत ठरले. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांतील सारी इमारत या उत्तरार्धावर उभी राहिली.

त्यानंतरचा टप्पा रमीचा. सिकंदराबादच्या एका क्लबात पैसे लावून रमी खेळली गेली, म्हणून खटला झाला. १९६८ च्या निकालसंग्रहात आलेला सत्यनारायण खटल्याचा तो निकाल रमीच्या प्रत्येक कंपनीने ताईतासारखा जपला. कोणती पाने पडली हे ध्यानात ठेवावे लागते, कोणते पान धरावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय, असे न्यायालयाने म्हटले. ते खरेच आहे. सासरच्या मंडळींत बसून रमी हरलेल्या कोणत्याही जावयाला ते मान्य होईल. पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे आणि ते कंपन्यांच्या जाहिरातींत कधी दिसले नाही. घराचा अथवा क्लबाचा मालक त्या खेळातून स्वतः नफा कमावीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, अशा अर्थाचे ते वाक्य होते. प्रश्नाचे मर्म न्यायमूर्तींनी तेव्हाच नेमके ओळखले होते. खेळात डोके किती आणि दैव किती, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. खेळाच्या बाहेर बसून प्रत्येक डावावर आपला हिस्सा उचलणारा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्पनेतील क्रिकेट संघ निवडण्याचा ‘ड्रीम इलेव्हन’ हा कौशल्याचा खेळ ठरविला; तेव्हाही चर्चा झाली ती कौशल्याचीच.

कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघर पत्ते रंगतात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, आरती आटोपलेली असते, जागरणाचे निमित्त असते, आणि चार-आठ आण्यांपासून पाच-दहा रुपयांपर्यंत डाव लागतात. काका हरतो, पुतण्या जिंकतो. पहाटेला हिशेब पाहिला तर घरातले पैसे घरातच असतात. फार तर चहाची साखर संपलेली असते. ही रमी आणि मोबाईलवरची रमी यांचे नियम एकच, परंतु मोबाईलवर त्या मांडवाचा एक मालक असतो. समजा, दर डावाच्या शंभर रुपयांतून तो दहा रुपये स्वतःकडे ठेवतो, आणि उरलेला पैसा खेळणारे पुनःपुन्हा डावावर लावतात. सातव्या डावाअखेर शंभराचे अठ्ठेचाळीस रुपये होतात आणि विसाव्या डावाअखेर बारा. कोण किती हुशारीने खेळला, याचा या हिशेबाशी काडीचा संबंध नाही. हुशारीने एवढेच ठरते की ते बारा रुपये अखेर कोणाच्या हाती राहावेत. नागोठण्याच्या तरुणाचा पगार समोरच्या खेळाडूने नेला, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात समोरचाही त्याच्यासारखाच कोठल्यातरी आडगावी रिकामा होत असतो.

महाराष्ट्राला हा हिशेब अपरिचित नाही. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये मुंबईत मटका सुरू केला, रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला वेगळा, आणि बघता बघता आकडा लावणे हा राज्याचा नित्यक्रम झाला. एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहांत एक, आणि लागला तर साधारणतः नऊपट मिळावयाचे. म्हणजे शंभरातले दहा येथेही मालकाचेच. पण मटक्याला दोन मर्यादा होत्या. तो दिवसातून दोनदाच, ‘ओपन’ला आणि ‘क्लोज’ला, उघडत असे, मधल्या वेळात माणसाला कामधंदा करावाच लागे. शिवाय चिठ्ठी घेणारा गावचा असे. फार देणे झाले तर तोच कधी ‘आता पुरे’ म्हणे, कधी बापाच्या कानावर घाली. भलेपणा म्हणून नव्हे, बुडीत गिऱ्हाईक त्यालाही नको असे म्हणून. मोबाईलमधल्या मांडवाला ‘क्लोज’ नाही आणि बापाची ओळखही नाही.

हे सारे उघड्यावर चालू असताना समाजातील प्रतिष्ठितांनी काय केले, हा अप्रिय विषय टाळता येणार नाही. अग्रलेखांतून हळहळ व्यक्त करणाऱ्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर रमीच्या रंगीत जाहिराती छापल्या. नटांनी आणि क्रिकेटपटूंनी ‘जबाबदारीने खेळा’ हे शब्द कोणालाही कळणार नाहीत अशा वेगाने उच्चारून मानधन घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी अशाच एका जाहिरातीसाठी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले, तेव्हा अनेकांना ते असभ्य वाटले होते. आणि जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करीत होतो, असे त्यांनी सांगितले. ३१ जुलै रोजी त्यांच्याकडील कृषिखाते काढून घेण्यात आले आणि क्रीडाखाते देण्यात आले. राज्यकारभाराला विनोदबुद्धी नसते, असे कोण म्हणतो?

नव्या कायद्याने कौशल्याचा जुना बुरखा फाडला, हे त्याचे मोठे कार्य. पण याच कायद्याचा दुसरा भाग कमी वाचला गेला आहे. बिनपैशांच्या करमणुकीच्या ऑनलाइन खेळांना आणि ई-क्रीडास्पर्धांना त्यात प्रोत्साहन देऊ केले आहे. प्रथमदर्शनी यात वावगे काही नाही. लुडोचेच पाहावे. पचिसी हा या देशातला फार जुना खेळ. तो इंग्रजांनी उचलला, १८९६ मध्ये इंग्लंडात लुडो या नावाने त्याचे एकस्व घेतले गेले, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीने, म्हणजे नागोठण्यापासून एस. टी.च्या दीड-दोन तासांवर, ‘लुडो किंग’ या नावाने तो मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत डोंबिवलीतली मुलगी, गावाकडची आजी आणि आखातातला जावई रात्री एका पटावर बसत होते. त्या दिवसांत या खेळाने कित्येक घरांना धीर दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण लवकरच दुसऱ्या कंपन्यांनी त्याच पटावर पैसे लावले, आणि २०२१ मध्ये लुडो हा कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न घेऊन माणसे मुंबई उच्च न्यायालयात गेली. पट तोच, सोंगट्या त्याच. पटाच्या कडेला कोण येऊन बसला, एवढाच फरक.

पैसे लागत नाहीत म्हणून हा कडेचा माणूस उठून जातो काय? जात नाही, तो पैशांऐवजी वेळ घेतो आणि तो जाहिरातदाराला विकतो. पबजी या बंदुकांच्या खेळावर चिनी संबंधांच्या कारणावरून २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, तोच खेळ जुलै २०२१ मध्ये भारतीय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. खेळ फुकट आहे. खेळातल्या सैनिकाचा रंगीत अंगरखा विकत आहे. आणि जो खेळत नाही, तो दुसऱ्याचा खेळ पाहतो. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या तरुण खेळाडूंना बोलावून घेतले, त्यांत मुंबईचे नमन माथुर आणि मिथिलेश पाटणकर होते. घरोघरच्या मुलांना ही नावे ‘मॉर्टल’ आणि ‘मिथपॅट’ म्हणून पाठ आहेत. आपल्या जिल्ह्याच्या पालकमंत्र्याचे नाव विचारले तर त्यांतली अनेक अडखळतील. ही गुणी माणसे आहेत. हजरजबाबीपणा आणि तासन् तास प्रेक्षक बांधून ठेवण्याची हातोटी यावाचून ते यश मिळत नाही. कीर्तनकारालाही दुसरे काय लागते? मात्र कीर्तनकाराला रात्री केव्हातरी आरती म्हणावी लागते. येथे मिळकतच पाहणाऱ्याच्या वेळावर ठरते, त्यामुळे पाहणारा उठू नये यातच सर्वांचे हित गुंतलेले आहे. या क्षेत्रातल्या काहींनी सट्ट्याच्या कंपन्यांची भलावणही केली. आणि पोटापुरते मिळविणारे यात हजारांत किती, हे त्या झगझगीत पडद्यावर कोणी सांगत नाही.

अशा वेळी मैदानाची आठवण काढण्याची प्रथा आहे. रायगड जिल्ह्यात ती काढावयास आधारही आहे. कबड्डी हा येथे गावाच्या नावाने खेळला जाणारा खेळ. हिवाळ्यातल्या रात्रीच्या सामन्यांना पंचक्रोशी लोटते. चांगल्या चढाईपटूला पोलीस, रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांनी नोकऱ्या दिल्या. ज्याला नोकरी मिळाली नाही, त्यालाही निकोप शरीर मिळाले आणि गावात सात जण जिवाभावाचे झाले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आल्यावर या खेळाला पैसाही दिसला. पण मैदानाचे गुणगान करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. गावातले मैदान, विशेषतः दिवेलागणीनंतरचे, मुलग्यांचे असते. मुलगी दहावीनंतर मैदानावर दिसेनाशी होते आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. मोबाईलवरच्या खेळाने तिला निदान विचारले नाही की तू कोणाची आणि इतक्या रात्री येथे काय करतेस. अनोळखी गड्यांच्या संघात खेळताना आवाज ओळखला जाऊ नये म्हणून ती बोलत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी ती खेळते. मोबाईलवर रागावलेल्या वडीलधाऱ्यांनी तिला दुसरे काय देऊ केले आहे?

तिच्या आईसाठी म्हणे ‘खेळ पैठणीचा’ आहे. झी मराठीवर २००४ पासून २०२२ पर्यंत आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ चालला आणि ‘भावोजी’ घरोघरचे झाले. त्याच्या पाठीवर गावोगाव असे कार्यक्रम निघाले: फुगे फोडा, चमच्यात लिंबू धरून पळा, उखाणा घ्या आणि शेवटी एकीने पैठणी न्या. एरवी चार भिंतींत असलेल्या बायका मांडवात येऊन मोकळेपणी हसतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र निवडणूक जवळ आली की या कार्यक्रमांना कसा बहर येतो आणि मागच्या फलकावर कोणाची छबी असते, हेही सर्वांना दिसतेच. मांडव येथेही दुसऱ्याचाच.

म्हणून नागोठण्यासारख्या गावात आता काय व्हावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा आहे. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. त्यांचे काय व्हावयाचे ते होवो. परदेशी बसून चालविले जाणारे आणि भाड्याने घेतलेल्या बँकखात्यांतून पैसे फिरविणारे सट्टे त्या निकालाची वाट पाहत नाहीत. बंदीने मटका गेला नाही, आडोशाला गेला. हे येथेही होणार. तेव्हा जो आधीच बुडाला आहे, त्याच्याकडे प्रथम पाहावयास हवे. सायबर फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. पण स्वखुशीने हरलेल्याची फसवणूक झाली, असे कोणतीच नोंदवही मानीत नाही. मोबाईलवरूनच घेतलेले चढ्या व्याजाचे कर्ज, आईचे गहाण पडलेले मंगळसूत्र आणि घरात कोणाला न सांगितलेला आकडा घेऊन तो तरुण जाणार कोठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसला आणि तालुक्याच्या विधिसेवा समितीने अशा कर्जांची प्रकरणे तडजोडीस घेतली, तर निदान त्याला एक दार मिळेल. ग्रामपंचायतीने मैदानावर दिवे लावावे आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ते मुलींसाठी राखावे. वाचनालयाच्या एका खोलीत बुद्धिबळ, कॅरम आणि पचिसीचे पट ठेवावे व ती खोली रात्री दहापर्यंत उघडी असावी. मोठ्या कंपन्यांना नफ्याचा ठराविक हिस्सा सामाजिक कामांवर खर्च करावाच लागतो. कारखान्यांच्या या पट्ट्यात त्याची मागणी करण्यात संकोच कशाचा?

आणि पैसा नाही, ही सबब सरकारने तरी सांगू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू-सेवा कर घेतला गेला. म्हणजे मांडवाच्या मालकाशेजारी दुसरी खुर्ची सरकारचीच होती. स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालविणाऱ्या महाराष्ट्र सरकारला ही खुर्ची नवी नव्हती. पहिल्या सहा महिन्यांतच ऑनलाइन खेळांपासूनचे उत्पन्न ६,९०९ कोटींवर गेले, असे अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये समाधानाने सांगितले होते. त्या दिवसापासून ऑगस्ट २०२५ पर्यंत या मार्गाने एकूण किती कर जमा झाला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला किती आले आणि त्यातला किती रुपया हरलेल्यांच्या गावी परत आला, याचा हिशेब रायगडच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात मागावा.